पोटामागून आलेले देव

‘माणूस पोटासाठी गाव सोडतो, देव सोडत नाही,’ असं आमचे अण्णा म्हणायचे. अण्णा म्हणजे माझे आजोबा. ते पोस्टमन होते आणि पुण्याच्या सोमवार, रास्ता, नाना या पेठांतलं टपाल त्यांच्याकडे असायचं. रात्रीची जेवणं उरकली की वाड्याच्या ओट्यावर बसून ते एकेका दाराची गोष्ट सांगत. गोष्ट देवळाची असो की अग्यारीची, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: हा देव इथं कुणाबरोबर आला?

सोमवार पेठेत नागझरीजवळ त्रिशुंड गणपतीचं काळ्या दगडाचं देऊळ आहे. भीमगीरजी गोसाव्यांनी ते १७५४ साली बांधायला घेतलं. पुण्यातले गोसावी नुसते बैरागी नव्हते, सावकारी आणि व्यापारही करत. अण्णांनी मला उचलून घेऊन दर्शनी भिंतीवरचा गेंडा दाखवला होता. साखळदंडांनी जखडलेला गेंडा आणि त्याच्याभोवती गोरे शिपाई. आत तीन सोंडांचा गणपती मोरावर बसलेला, आणि भिंतीवर संस्कृत लेखांच्या जोडीला एक फारसी लेख. गणपतीच्या देवळात फारसी कशाला, असं मी विचारलं. अण्णा म्हणाले, ‘अरे, ज्या भाषेत रोजचा व्यवहार, ती देवळात येणारच.’

तिथून नाना पेठेत चालत जाता येतं. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चची जागा सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये दिली. पेशव्यांच्या चाकरीत दोम मिगेल द नोरोन्या नावाचा पोर्तुगीज अधिकारी होता. त्याला आणि फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांना प्रार्थनेसाठी जागा हवी होती. लढायला माणूस हवा, तर त्याचा देवही ठेवून घ्यायला हवा, एवढं पेशवाईला कळत होतं. त्याच नाना पेठेत पारशांची अग्यारी आहे आणि निवडुंग्या विठोबाही आहे. आषाढवारीत तुकोबांची पालखी त्या विठोबाकडे मुक्कामाला येते. त्या दिवसांत अण्णांना टपाल वाटायला दुप्पट वेळ लागे, कारण वारकऱ्यांच्या गर्दीतून सायकल हातात धरूनच चालावं लागे.

नारायण पेठेतल्या मोदी गणपतीला नाव मिळालं ते खुश्रूशेठ मोदी या पारशी गृहस्थाच्या बागेवरून. कॅम्पातलं लाल देऊळ म्हणजे ज्यूंचं ओहेल डेव्हिड सिनेगॉग. बगदादहून मुंबईत येऊन व्यापारात मोठे झालेले डेव्हिड ससून यांनी ते बांधायला घेतलं, पण १८६४ मध्ये ते वारले. इमारत पुरी झाली १८६७ साली, आणि त्यांची कबर तिच्याच आवारात आहे. कोकणातून आलेल्या बेने इस्रायली कुटुंबांनी १९२१ मध्ये रास्ता पेठेत आपलं वेगळं सिनेगॉग उभारलं. या मंडळींची घरात बोलायची भाषा मराठीच. अण्णा त्यांची पत्रं देताना दारातच गप्पांत रमत.

म्हणून, पुण्यानं देवांना जागा द्यायला कधी हात आखडला नाही, असं म्हणता येतं. माणसाला मात्र आत घेताना तो आखडला, आणि हे सांगायचं अण्णा कधी टाळत नसत.

१८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. हजर मंडळींत टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. चहा घेणाऱ्यांची नावं छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि अखेर रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. ज्या शहरात चर्चला शंभर वर्षं होत आली होती, तिथं पाद्र्याच्या घरचा एक पेला चहा पचला नाही.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट पर्वतीची. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांचे सहकारी दलितांसाठी देवदर्शनाचा हक्क मागत पर्वतीच्या देवळाकडे निघाले. त्यांच्यावर दगड आले. सत्याग्रह पुढं कित्येक आठवडे चालला, दार उघडलं नाही. अण्णा म्हणायचे, ‘दुरून आलेल्याला आपण जमीन दिली, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथंच राबलेल्याला पायरी दिली नाही.’

कॅम्पात चार बावडीला मात्र दारच नव्हतं. तिथं कडुनिंबाखाली सूफी संत हजरत बाबाजान बसत. १९३१ मध्ये त्या गेल्या, त्याआधी अण्णांनी त्यांना पाहिलं होतं. हिंदू, मुसलमान, पारशी, गोरे सोजीर, सगळे त्या झाडाखाली येत. १९१३ मध्ये सायकलवरून जाणाऱ्या मेरवान इराणी या डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थ्याला त्यांनी जवळ बोलावलं. तोच पुढे मेहेरबाबा झाला. आज तिथं बाबाजान यांचा दर्गा आहे.

पोटासाठी पुण्यात येणं अजून चालूच आहे. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून आलेली माणसं इथल्या इमारती बांधतात आणि छठला मुळा-मुठेच्या काठावर, गुडघाभर पाण्यात उभी राहून सूर्याला अर्घ्य देतात. त्यांना उभं राहायला स्वच्छ घाट आणि स्वच्छ पाणी देणं ही मेहेरबानी नव्हे. सवाई माधवरावांनी आपल्या फौजेतल्या परक्या शिपायांसाठी केलं, तेवढं तरी आपण केलंच पाहिजे. आणि पर्वतीवर चुकलं ते पुन्हा चुकू द्यायचं नसेल, तर घाटावर त्यांच्या शेजारी जाऊन उभंही राहिलं पाहिजे.