उन्हाची वेळ कोणाच्या हाती?

उन्हासाठी मराठीत किती शब्द आहेत, ते एकदा मोजून पाहावे. कोवळे ऊन, तिरीप, चढते ऊन, ऐन दुपार, रणरणते ऊन, उतरते ऊन. या शब्दांत वर्णन आहे, आणि सल्लाही आहे. कोवळ्या उन्हात तान्ह्या बाळाला तेल चोळून शेकायचे, चढत्या उन्हात वाळवण घालायचे, ऐन दुपारी पडवीत बसायचे, उतरत्या उन्हात पुन्हा बाहेर पडायचे. ऊन किती घ्यावे आणि केव्हा टाळावे, याचे मोजमाप आपल्या भाषेने असे दिवसाच्या घटकांवर मांडून ठेवले आहे.

पण हे वेळापत्रक कोणाला पाळता येते? आरोग्याच्या पुस्तकांत हा प्रश्न सहसा येत नाही. तो माझ्यापुढे नीट उभा राहिला तो पालघर जिल्ह्यातल्या धाकट्या डहाणूत, बोंबलाच्या वलांड्यांमधून हिंडताना.

धाकटी डहाणू हे डहाणू तालुक्यातले मच्छीमारांचे गाव. या किनाऱ्यावर ऊन हे कामाचे अवजारच आहे. बांबूंच्या चौकटीवर आडव्या दोऱ्या ताणून वलांडी उभी करतात. ताज्या बोंबलांच्या जोडीचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. मग ऊन आणि वारा आपले काम करतात. मासळी ओली राहिली तर कुजते, म्हणून उन्हाचा एकही तास वाया घालवून चालत नाही. मासळी निवडणे, धुणे, टांगणे, उलटणे, संध्याकाळी गोळा करणे ही कामे बहुतेक बायकांची. जे ऊन मासळीला हवे, तेच त्यांच्या माथ्यावर असते.

होडीची वेळ घड्याळ ठरवत नाही, पाणी ठरवते. उथळ किनाऱ्यावर होडी आत घ्यायला भरती लागते आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची मोठी भरती येते ती दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या आसपास. म्हणजे महिन्यातले काही दिवस होडी लागायची, मासळी उतरायची वेळ नेमकी ऐन दुपारची. ‘दहानंतर उन्हात जाऊ नका’ हा सल्ला इथे चंद्राला द्यावा लागेल.

सावलीचे गणित

डहाणूचे अक्षांश जवळजवळ 20 अंश उत्तर. 20 मेच्या सुमारास आणि पुन्हा 24 जुलैच्या सुमारास सूर्य इथे थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैतला शून्य सावलीचा दिवस बहुधा ढगांत जातो, मेमधला मात्र चांगलाच जाणवतो. सूर्याचा माध्यान्ह इथे घड्याळाच्या बाराला होत नाही, तो साडेबारा ते पाऊणच्या आसपास होतो. कारण भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आहे आणि डहाणू त्याच्या बरेच पश्चिमेला. जुना ‘मुंबई टाइम’ प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे होता. उन्हाच्या हिशेबाने तोच या किनाऱ्याचा खरा वेळ.

हा हिशेब महत्त्वाचा आहे, कारण ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-ब किरण सूर्य वर असतानाच जमिनीपर्यंत पुरेसे पोचतात. ढोबळ नियम असा : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर त्वचा हे जीवनसत्त्व चांगले बनवू शकते. डहाणूत 22 डिसेंबरलाही माध्यान्हीची सावली उंचीपेक्षा किंचित आखूडच असते. लंडन किंवा ग्लासगोमध्ये हिवाळ्याचे कित्येक महिने ही सोय नसते. आपल्याकडे ती बारमाही आहे, पावसाळी ढग वगळता.

यातून एक अडचण मात्र निघते. अगदी सकाळच्या कोवळ्या उन्हात हे किरण फारच थोडे असतात. बाळाला शेक मिळतो, ऊब मिळते, तेल अंगात मुरते, पण हाडांसाठी लागणारे जीवनसत्त्व त्या तिरप्या किरणांतून फारसे मिळत नाही. मग आपल्या आज्यांचा अनुभव खोटा का? मला तसे वाटत नाही. जुन्या घरातले मूल शेकून झाल्यावर पुन्हा कोंडले जात नसे. ते अंगणात रांगे, वळचणीला खेळे, आईच्या कडेवर बसून शेतावर किंवा किनाऱ्यावर जाई. दिवसभरात चुकत-माकत अंगावर पडणारे ऊन त्याला पुरत असावे. शिवाय त्वचा एका मर्यादेपुढे हे जीवनसत्त्व साठवत नाही. ऊन चालूच राहिले, तर बनलेला अंश दुसऱ्या निरुपयोगी द्रव्यांत बदलतो. म्हणून थोडे ऊन पुरते आणि दिवसभराचे ऊन जास्त लाभ देत नाही.

नाशिकचा धडा

ऊन आणि हाडे यांचे नाते जगाला कळले त्या इतिहासात महाराष्ट्राचे एक पान आहे, आणि ते आपल्याकडे फारसे कोणी उलगडत नाही.

थिओबाल्ड पाम हे ब्रिटिश डॉक्टर जपानमध्ये मिशनरी म्हणून राहून आले होते. इंग्लंडच्या शहरांत मुडदुसाने वाकलेल्या पायांची मुले जागोजागी दिसत, जपानमध्ये मात्र ती दिसली नव्हती. त्यांनी आशियातल्या इतर मिशनऱ्यांकडून माहिती मागवली आणि 1890 साली निष्कर्ष मांडला, की मुडदुसाचे कारण उन्हाचा अभाव हे आहे. तेव्हा त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे एक बाजू म्हणू लागली की रोग आहारातून होतो, कॉड माशाच्या तेलाने बरा होतो. दुसरी म्हणू लागली की तो अंधाऱ्या घरांतून होतो.

या वादात हचिसन आणि शाह यांनी नाशिकमध्ये केलेली पाहणी 1922 साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांना जे दिसले ते त्या काळच्या समजुतीच्या उलट होते. ज्या गरीब घरांत पोटभर अन्न नव्हते, पण बायका शेतावर आणि मजुरीला जात, मुले उघड्यावर वाढत, तिथे मुडदूस जवळजवळ नव्हता. जिथे दूध-तूप होते, पण पडदा पाळला जाई, बाळ-बाळंतीण अंधाऱ्या खोलीत राहत आणि मुली वयात येताच घरात बसत, त्या सुखवस्तू हिंदू-मुसलमान घरांत मुडदूस आणि अस्थिमृदुता आढळत होती. रोग ताटातून आला नव्हता, भिंतीतून आला होता.

त्याच वर्षी अमेरिकेत मॅकॉलम यांनी माशाच्या तेलातला मुडदूस बरा करणारा घटक ‘अ’ जीवनसत्त्वाहून वेगळा असल्याचे दाखवले. त्याला ‘ड’ हे नाव मिळाले. व्हिएन्नात हॅरिएट चिक यांच्या चमूने उन्हाने आणि तेलाने, दोन्हींनी मुले बरी होतात हे सिद्ध केले. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर ठरले.

मला यातला सामाजिक धडा जास्त महत्त्वाचा वाटतो. सावली ही प्रतिष्ठेची खूण होती. ज्या घरातली बाई उन्हात जात नाही ते घर मोठे. त्या मोठेपणाची किंमत बायकांची हाडे मोजत होती.

ऊन विकत घेण्याचा काळ

युरोपात याच सुमारास उलटा प्रवाह सुरू झाला होता. प्रकाशोपचारासाठी नील्स फिन्सेन यांना 1903 साली नोबेल मिळाले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लेझाँ गावी ऑगुस्त रोलिए यांनी क्षयाच्या रुग्णांसाठी सूर्यस्नानाचे रुग्णालय काढले. त्यांची पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे : पहिल्या दिवशी फक्त पावले, तीही काही मिनिटे, मग रोज थोडे-थोडे वर. डोके झाकलेले. सर्व उन्हात झोकून देणे त्यांना मान्य नव्हते.

महाराष्ट्रात औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा जो प्रसार केला, तोही याच आरोग्यजागृतीच्या काळातला. आणि डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला जे काम केले, त्यात अंगणवाडी होती, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा होती. हेतू शिक्षणाचा, सूर्योपचाराचा नव्हे. पण शाळा मुलांच्या अंगणात आणि कुरणात न्यायची, चार भिंतींत मुलांना आणायचे नाही, ही कल्पना आज पुन्हा वाचावी अशी आहे.

लेप, तेल आणि पदर

नैसर्गिक बचावाबद्दल बोलताना आज चंदन, हळद, मुलतानी माती, खोबरेल यांची नावे निघतात. जगभर असे लेप आहेत. ब्रह्मदेशात थनाकाच्या सालीचा, फिलिपिन्स-मलेशियाच्या समुद्रावरच्या बाजाव बायकांचा तांदूळपिठाचा. ते गारवा देतात, त्वचा मऊ ठेवतात. जाड लेप काही किरण अडवतोही, पण घामाने तो ओघळतो. खोबरेलाचे आवरण तर अगदी नाममात्र. दिवसभर किनाऱ्यावर काम करणाऱ्या बाईने त्यावर विसंबू नये.

खरा नैसर्गिक बचाव कापडात आहे. दाट विणीचे, गडद रंगाचे लुगडे अतिनील किरण चांगले अडवते. पातळ पांढरे सुती कापड ओले झाले की बरेच कमी अडवते. डोक्यावरचा पदर, मच्छीमारांची टोपी, गळ्यातला रुमाल, झापांचा मांडव हे सारे लेपांच्या पुढचे उपाय. तरी डोळे उरतात. कोरडी वाळू सुमारे 15 टक्के आणि लाटांचा फेस सुमारे 25 टक्के अतिनील किरण परत फेकतो. टोपी वरचे ऊन अडवते, खालून येणारे नाही.

अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरातल्या 838 दर्यावर्दींची पाहणी 1988 साली प्रसिद्ध झाली. आयुष्यभरात डोळ्यांवर पडलेले अतिनील-ब किरण दुप्पट झाले, तर एका प्रकारच्या मोतीबिंदूचा धोका 1.6 पट होतो, असे तीत दिसले. डोळ्यावर येणारे वडसही उन्हा-वाऱ्यात राबणाऱ्यांत अधिक आढळते. सावळ्या त्वचेला कातडीच्या कर्करोगापासून निसर्गाने बरेच संरक्षण दिले आहे. डोळ्यांना आणि उष्माघाताला ते लागू नाही.

आजची वाटणी

नाशिकच्या पाहणीला शंभर वर्षे होऊन गेली. पडदा बराच सरला, पण भिंती वाढल्या. सदनिका, शिकवणी, वातानुकूलित कचेरी, काचेआडचा प्रवास. काचेतून ऊब येते, अतिनील-ब किरण येत नाहीत. दिल्लीत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॉक्टर आणि परिचारिकांमध्ये ‘ड’ जीवनसत्त्व फारच कमी निघाले, उघड्यावर वावरणाऱ्या सैनिकांत त्याहून पुष्कळ बरे. आरोग्य सांगणारेच सावलीत अडकले होते.

म्हणजे एकाच राज्यात दोन रोग शेजारी नांदत आहेत : एकाला ऊन मिळत नाही, दुसऱ्याला उन्हातून सुटका मिळत नाही. पहिल्याला सल्ला पुरेसा आहे. सावली उंचीपेक्षा आखूड असताना, हातपाय उघडे ठेवून, आठवड्यातून काही वेळा थोडा वेळ बाहेर या, त्वचा लाल किंवा चुरचुरती होण्याआधी परता. दुसऱ्याला सल्ल्याचा उपयोग नाही. त्याला मासळी उतरवण्याच्या जागी आणि बाजारात छप्पर हवे, वलांड्यांजवळ बसायला मांडव हवा, प्यायला पाणी हवे, डोळ्यांची नियमित तपासणी हवी आणि रुंद काठाची टोपी व चश्मा कामाच्या सामानात मोजला जायला हवा.

नाशिकच्या त्या घरांतल्या बायकांची सावली त्यांनी निवडलेली नव्हती. धाकट्या डहाणूतल्या बायकांचे ऊनही त्यांनी निवडलेले नाही. एकीला अंगण मोकळे करून द्यायचे होते, दुसरीला मांडव घालून द्यायचा आहे. पहिले काम व्हायला पिढ्या गेल्या. दुसऱ्याला बांबू, झाप आणि ग्रामपंचायतीचा एक ठराव पुरेल.