संप : एक कृती, चार भाषा

श्रोतेहो, भाषेचा आत्मा पाहावयाचा तर तिच्या महाकाव्यांकडे जावे, असे पंडित सांगतात. आम्ही पंडित नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या दारात आणि जुन्या बाजारातल्या फाटक्या कोशांवर झाले. तेव्हा आमच्या कामातलाच वाक्प्रचार घेतो.

मजुराने काम बंद ठेवले की इंग्रज त्याला ‘स्ट्राइक’ म्हणतो. हा शब्द जहाजावरचा. १७६८ साली लंडनच्या बंदरात खलाशांनी मजुरीसाठी शिडे उतरविली. शीड उतरविण्याला त्यांच्या बोलीत हेच क्रियापद होते.

फ्रेंच माणूस ‘ग्रेव्ह करणे’ म्हणतो. ग्रेव्ह म्हणजे नदीकाठची रेती. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी त्या नावाचा चौक होता. तेथे बेकार मजूर कामाच्या आशेने उभे राहत. ग्रेव्हवर असणे म्हणजे आधी काम नसणे. एकोणिसाव्या शतकात त्याचाच अर्थ काम नाकारणे असा झाला. लाचारीचा शब्द मजुरांनी मानाचा केला!

हिंदीतला ‘हड़ताल’ बाजारपेठेतला : हाट आणि ताला, म्हणजे दुकानाला कुलूप. आपण हरताळ पाळतो तो हाच. एखाद्या गोष्टीला हरताळ फासतो तो मात्र निराळा. तो पोथीतली चुकलेली अक्षरे झाकण्याचा पिवळा रंग.

खलाशाला शीड दिसले, पॅरिसच्या मजुराला रेती, व्यापाऱ्याला कुलूप. मराठी मजूर म्हणाला, ‘संप’. शेजारच्या गुजरातीत या शब्दाचा अर्थ आजही एकोपा असाच आहे. आपल्या शब्दात हत्यार नाही, जागा नाही. आहे ती माणसांची जूट. जुलै १९०८ मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा दिवस संप केला. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण गिरणगावाने तेव्हा खरी करून दाखविली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणीकामगार उतरले. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. महिने लोटले, घरातली भांडी विकली गेली, आणि चाळीत शेजाऱ्याचा शेजाऱ्याशी अबोला सुरू झाला. त्यानंतर एकेक जण मान खाली घालून कामावर जाऊ लागला. आम्ही त्यांना दोष देत नाही. पोट कोणाला सुटले आहे? पण संप गेटावर मोडण्याआधी चाळीत मोडतो, हे आम्ही तेव्हा शिकलो.

आज एखादा तरुण कामगार येऊन विचारतो, “दादा, संप कधी करायचा?” आम्ही म्हणतो, “अरे, आधी आपल्या आपल्यात तर होऊ दे!”