घटस्फोटातली लपवलेली मालमत्ता : कायदा कोणावर संशय घेतो?

‘माझ्याकडे काहीच नाही’ हे वाक्य घटस्फोटाच्या खटल्यांत शतकानुशतकं ऐकू येतं. ते खरं की खोटं हे ठरवणं न्यायाधीशाचं काम. इतिहास शिकणाऱ्याने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हे वाक्य नेमकं कोण म्हणेल, असं त्या काळचा कायदा गृहीत धरून चालला होता? बायको की नवरा? उत्तर काळाप्रमाणे बदलत गेलं आहे, आणि त्या बदलातून घरातली सत्ता कोणाच्या हातात होती हे दिसतं. आज रोम, इंग्लंड आणि भारत अशी तीन उदाहरणं घेऊन हे बघू. संशोधनाचा विषय शोधत असाल, तर ‘कायदा हे साधन म्हणून कसं वाचायचं’ याचा थोडा सरावही होईल.

रोम : संशय बायकोवर

रोमन कायद्यात, निदान अभिजात काळात, बहुतेक लग्नांमध्ये नवरा-बायकोची मालमत्ता वेगवेगळी असायची. एकमेकांना दिलेली मोठी बक्षिसंसुद्धा कायद्याने रद्द ठरत. बायको माहेरहून जो हुंडा आणायची, त्याला ‘दोस’ म्हणत. लग्न टिकेपर्यंत तो नवऱ्याच्या मालकीचा आणि घटस्फोट झाला की परत करायचा. पण नवऱ्याला त्यातून काही कपाती करता येत. मुलांसाठी दर मुलामागे एक षष्ठांश (जास्तीत जास्त निम्मा हुंडा), बायकोच्या गैरवर्तनासाठी एक षष्ठांश किंवा एक अष्टमांश. आणि आणखी एक कपात होती: बायकोने घरातून हलवलेल्या वस्तूंसाठी.

या हलवाहलवीसाठी स्वतंत्र दावाही होता, ‘आक्तिओ रेरुम आमोतारुम’, म्हणजे हलवलेल्या वस्तूंचा दावा. घटस्फोट घ्यायचं मनात धरून वस्तू बाहेर काढल्या आणि मग खरंच घटस्फोट झाला, तर हा दावा लागू व्हायचा. सम्राट जस्टिनियनच्या इ.स. ५३३ च्या ‘डायजेस्ट’ या संकलनात पंचविसाव्या ग्रंथातलं दुसरं प्रकरण पूर्ण याच विषयाला दिलेलं आहे.

मुळात साध्या चोरीचा खटला का नाही? यावर रोमन कायदेपंडितांमध्येच वाद होता. नेर्वा आणि कासिउस यांचं म्हणणं असं की संसार एकत्र असल्यामुळे बायको एका अर्थी मालकीणच असते, तेव्हा ती चोरी होतच नाही. साबिनुस आणि प्रोकुलुस म्हणत, चोरी होते, पण तिच्यावर चोरीचा दावा लावता येत नाही. कारण चोर ठरलेल्या व्यक्तीची समाजातली पत कायद्यानेच जायची, आणि लग्नाच्या नात्याचा मान राखायचा तर एवढी नामुष्की नको. म्हणून वेगळ्या, सौम्य नावाचा दावा.

पुढे हा दावा नवऱ्यावरही करता येऊ लागला. पण मूळ रचनेत संशय बायकोवर आहे हे लक्षात घ्या. घरातल्या बहुतेक वस्तू नवऱ्याच्या नावावर. त्यामुळे त्याला लपवायची गरज कमी. ‘हलवणं’ हे ज्याच्या हातात मालकी नाही त्याचं काम.

इंग्लंड : नवऱ्याची ऐपत, नवऱ्याची शपथ

इंग्लिश कॉमन लॉमध्ये विवाहित स्त्रीला वेगळं कायदेशीर अस्तित्वच जवळजवळ नव्हतं. तिची जंगम मालमत्ता आणि कमाई नवऱ्याची होत असे. १८७० आणि १८८२ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्यांनी हे बदललं. मग वेगळं राहायची वेळ आली तर बायकोने जगायचं कशावर? त्यासाठी चर्चच्या न्यायालयांत पोटगी मागता येई. बायको नवऱ्याच्या ऐपतीबद्दल लेखी कथन दाखल करायची आणि नवऱ्याला त्याला शपथेवर उत्तर द्यावं लागे. १८५७ च्या कायद्याने हे खटले दिवाणी न्यायालयाकडे आले, तरी शपथेवर उत्तराची पद्धत मागोमाग आली.

इथे संशयाची दिशा उलटली. पैसा नवऱ्याकडे आहे, माहितीही त्याच्याकडेच आहे, तेव्हा सांगण्याची जबाबदारी त्याची.

आधुनिक काळात प्रश्न अवघड झाला तो कंपन्यांमुळे. २०१३ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या ‘पेट्रोडेल’ खटल्यात ७ मालमत्ता नवऱ्याच्या नव्हे, तर त्याच्या नियंत्रणातल्या कंपन्यांच्या नावावर होत्या. कंपनी आणि मालक वेगळे हे तत्त्व न्यायालयाने मोडलं नाही. पण नवरा आणि कंपन्या कागदपत्रं द्यायला टाळाटाळ करत होत्या, त्यावरून न्यायालयाने निष्कर्ष काढला की या मालमत्ता कंपन्या त्याच्यासाठीच धरून आहेत. म्हणजे गप्प बसणं हाच पुरावा झाला.

भारत : एक पंचमांशापासून प्रतिज्ञापत्रापर्यंत

ख्रिस्ती विवाहांसाठीच्या १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यात खटला चालू असतानाच्या पोटगीवर मर्यादा होती: नवऱ्याच्या मागच्या ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ उत्पन्नाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त नाही. ही मर्यादा २००१ च्या दुरुस्तीत गेली. संशोधक म्हणून या आकड्याकडे जरा थांबून बघा. पोटगी उत्पन्नाच्या हिश्शात मोजली, की उत्पन्न कमी दाखवण्यात सरळ फायदा असतो. लपवण्याचं कारण कायद्याच्या हिशोबातच आहे.

त्यावरचं उत्तर २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं. एखादी गोष्ट विशेषकरून ज्याच्या माहितीतली आहे, ती सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर (कलम १०६). आणि जवळ असलेला पुरावा कोणी दडवला, तर तो त्याच्याविरुद्ध गेला असता असं न्यायालय मानू शकत असे (कलम ११४). ही कलमं घटस्फोटासाठी लिहिलेली नव्हती, पण पोटगीच्या खटल्यांत ती फार उपयोगी पडली.

आता स्त्रीधनाकडे या. १९८२ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने अशी भूमिका घेतली होती की एका घरात राहणाऱ्या जोडप्यात वस्तूंचा ताबा एकत्रच असतो, म्हणून सहसा विश्वासघाताचा गुन्हा होत नाही. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नाकारलं. स्त्रीधन सासरी ठेवलं म्हणून ते सामाईक होत नाही, आणि परत न देणाऱ्या नवऱ्यावर गुन्हेगारी विश्वासघाताचा खटला चालू शकतो. नेर्वा-कासिउस आणि साबिनुस-प्रोकुलुस यांचा जुना वाद आठवतोय? प्रश्न जवळपास तोच: संसार एकत्र म्हणून मालकीही एकत्र का? उत्तर मात्र उलटं, कारण या वेळी वस्तू बायकोची आणि ती दाबून बसलेला नवरा आहे.

शेवटचा टप्पा ४ नोव्हेंबर २०२० चा. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडून हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं होतं. बायकोने अंतरिम पोटगीचा अर्ज २०१३ मध्येच केला होता. अंतरिम, म्हणजे तात्पुरती; आणि सात वर्षं उलटली होती! न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी देशभरासाठी नियम घालून दिला की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं ठरावीक नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र द्यायचं. खोटं लिहिलं तर फौजदारी कारवाई आणि न्यायालयाचा अवमान. निकालपत्रात स्पष्ट नोंद आहे की बायका गरजा फुगवून सांगतात आणि नवरे खरं उत्पन्न लपवतात अशी प्रवृत्ती दिसते. संशय आता दोघांवर आहे, फक्त वेगवेगळ्या गोष्टींचा.

संशोधनासाठी काय घ्यायचं?

असा कोणताही कायदा हातात आला की मी तीन प्रश्न विचारते. एक, मालकी कोणाची आणि माहिती कोणाकडे? दोन, शपथ कोणाला घ्यायला लावली आहे? तीन, न सांगितल्यास काय होतं: दंड, कपात, की गप्प बसण्याचाच पुरावा? या तीन उत्तरांचा तक्ता केला, तर दोन वेगळ्या काळांची तुलना नीट करता येते.

पण दोन सावधगिरी पाळा. पहिली, कायदा म्हणजे व्यवहार नव्हे. ‘डायजेस्ट’मध्ये नियम आहे म्हणून रोममध्ये बायका रोज वस्तू हलवत होत्या असं सिद्ध होत नाही, कायदेपंडितांना तो प्रश्न विचार करण्याजोगा वाटला, एवढंच ठामपणे म्हणता येतं. प्रतिज्ञापत्राचा नियम आला म्हणून लपवणं थांबलं, असंही नाही.

दुसरी, छापील निकालांत तीच माणसं दिसतात ज्यांना वरच्या न्यायालयापर्यंत जाणं परवडलं. जिच्याकडे वकिलाची फी नव्हती, नवऱ्याच्या बँक खात्याचा नंबर माहीत नव्हता, शेत कोणाच्या नावावर आहे हे विचारायची सोय नव्हती, तिने कदाचित पहिल्याच तारखेला मिळेल ती रक्कम मान्य केली असेल. तिचा खटला कुठल्याही अहवालात नाही. लपवलेल्या मालमत्तेवर काम करायचं ठरवलंत, तर जे उघडकीला आलं त्यावरच प्रबंध उभा राहील. पण जे कधीच उघडकीला आलं नाही ते किती असावं, याचं भान प्रत्येक प्रकरण लिहिताना ठेवा.