पाणबुडीतली मेणबत्ती

मंडळी, जरा कल्पना करा. १७ फेब्रुवारी १८६४. अमेरिकेत यादवी युद्ध चालू आहे. चार्ल्स्टन बंदराबाहेर, गुलामगिरी टिकवायला लढणाऱ्या दक्षिणेची ‘हनली’ ही पाणबुडी निघालीये. पुढच्या कॉनिंग टॉवरमध्ये डोकं घालून बसलाय लेफ्टनंट जॉर्ज डिक्सन.

त्याच्यापाशी काय काय आहे? बाहेर बघायला छोट्या काचा, होकायंत्र, खोली सांगणारी पाऱ्याची नळी आणि एक मेणबत्ती. पेरिस्कोप नाही. इंजिनसुद्धा नाही! मागे सात जण हाताने दांडा फिरवतायत.

मेणबत्ती फक्त उजेडाला नव्हती बरं का. ती विझली, म्हणजे हवा संपत आली. आधीच्या एका चाचणीत ती २५ मिनिटांतच विझली होती. तरी माणसं अडीच तास खाली राहिली.

त्याआधी हीच पाणबुडी दोनदा बुडून १३ जण गेले होते, खुद्द होरेस हनलीसुद्धा. तरी हे आठ जण आत उतरले. त्या रात्री त्यांनी ‘हाउसाटोनिक’ बुडवली. पाणबुडीने युद्धनौका बुडवण्याची ही पहिलीच वेळ. पण हनली परतलीच नाही.

२००० साली ती वर काढली. आत आठही जणांचे अवशेष होते, बहुतेक आपापल्या जागेवरच.