सोडचिठ्ठी आणि मूल : खानदेशांतील काडीमोडीच्या कागदांविषयीं एक टिपण

जुनें दप्तर हातीं आलें कीं संशोधकाची नजर प्रथम सनदा, महजर व वतनपत्रें यांवर जाते, हें स्वाभाविक आहे. ज्यांवर सरदाराचा शिक्का नाहीं व ज्यांत जमिनीचा उल्लेख नाहीं, असे चिटोरे बाजूस पडतात आणि पुढें वाळवीच्या मुखीं जातात. अशा चिटोऱ्यांपैकीं ‘सोडचिठ्ठी’ या प्रकाराकडे धुळें व जळगांव या जिल्ह्यांतील संग्राहकांचें लक्ष वेधावें, एवढाच या टिपणाचा हेतु.

प्रथम शब्दांचा विचार करूं. आज न्यायालयांत रूढ असलेला ‘घटस्फोट’ हा शब्द मुळांत विवाहाचा नव्हेच. पतिताशीं संबंध तोडण्याचा विधि मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत आहे. त्यांत दासीनें पाण्यानें भरलेला घट पायानें लवंडावयाचा असतो. तो मनुष्य आप्तांना जिवंतपणींच मेला, असा त्याचा अर्थ. पतित स्त्रियांसही हाच विधि आहे. मात्र त्यांना अन्न, वस्त्र व घराजवळ राहावयास जागा द्यावी, असें तेथेंच बजाविलें आहे. म्हणजे घटस्फोटांत बहिष्कार आहे, मोकळीक नाहीं. याच्या उलट लोकांचे शब्द पाहावे. काडीमोड म्हणजे काडी मोडून संबंध तुटल्याचें दाखविणें. सोडचिठ्ठी म्हणजे सोडल्याचें पत्र. फारखत म्हणजे देण्याघेण्यांतून मुक्त केल्याचा लेख. विशेष हें कीं, कौटिल्यानें तिसऱ्या अधिकरणांत या प्रसंगीं योजिलेला शब्द ‘मोक्ष’ हाच आहे, आणि मोक्ष म्हणजे सोडणूक. अर्थशास्त्राची संहिता म्हैसुरास १९०९ सालीं छापून निघाली. परंतु तिच्यांतील अर्थ आमच्या कुणब्यामाळ्यांच्या बोलींत त्यापूर्वींच नांदत होता.

शास्त्रांत या विषयीं एकवाक्यता नाहीं. विक्रयानें किंवा त्यागानें भार्या पतीपासून सुटत नाहीं, असें मनु म्हणतो. परस्परांचा द्वेष असेल तर मोक्ष आहे, पण धर्म्य विवाहांस तो नाहीं, असें कौटिल्याचें मत. नारद पांच आपत्तींत स्त्रीस दुसरा पति सांगतो. व्यवहारांत मात्र ज्या जातींत पाट चालत असे, त्यांत सोडचिठ्ठीही चालत असे. मराठेशाहींत पाटावर पाटदाम नांवाची पट्टी असे. तेव्हां ही रूढि सरकारास केवळ ठाऊक होती असें नव्हे, तर मान्यही होती.

१८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर रूढीस लेखी स्थान मिळालें. १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनानें, कायदा नसेल तेथें त्या मुलखाची वहिवाट पाहावी, असें ठरविलें. त्याच सुमारास आर्थर स्टील यानें दख्खनमधील जातींच्या रूढींचा ग्रंथ सिद्ध केला. तो १८६८ सालीं पुन्हा छापला गेला. पुढें १८७६ सालीं मुंबईच्या हायकोर्टानें, विवाह रद्द ठरविण्याचा किंवा स्त्रीस पुनर्विवाहाची मोकळीक देण्याचा जातीचा अधिकार आम्ही मानणार नाहीं, असा निर्णय दिला. जातिसभेचा शब्द असा दुबळा झाल्यावर पतीच्या सहीनिशाणीच्या कागदास महत्त्व येणें क्रमप्राप्तच होतें. नंतर कोल्हापुरास १९१९ सालीं, बडोद्यास १९३१ सालीं आणि मुंबई इलाख्यांत १९४७ सालीं कायदे झाले. १९५५ चा हिंदु विवाह कायदा देशाच्या बहुतेक भागास लागू झाला.

हा विषय केवळ पुराणवस्तूंचा आहे, असें कोणी समजूं नये. १९५५ च्या कायद्याच्या २९ व्या कलमानें रूढीनें मिळणारी मोकळीक कायम ठेविली आहे. मात्र अशी रूढि जो सांगेल त्यानेंच ती सिद्ध केली पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं स्पष्ट केलें. अनुसूचित जमातींस तर हा कायदा, केंद्र सरकारनें तशी अधिसूचना काढल्यावांचून, लागूच नाहीं. म्हणून शिरपूर, चोपडें, यावल, रावेर येथील सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल व पावरा लोकांत मोकळीक, आणि देजाची परतफेड, या गोष्टी रूढीनेंच पाहाव्या लागतात. यावल-रावेरकडील लेवा समाजाची भोरगांव पंचायत व तिचा कुटुंबनायक हीं परंपरा तर सर्वश्रुत आहे. रूढि सिद्ध करावयाची तर कागद हवा, आणि तो आपण रद्दींत टाकीत आहों.

आतां मुलाविषयीं. मूल बापाच्या कुळाचें, ही जुनी समजूत; आई पाटानें दुसऱ्या घरीं गेली तरी मूल पहिल्याच घरीं राहावें, असा रूढीचा सामान्य कल. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानें मुलाच्या हिताचा विचार न्यायालयापुढें आणिला. परंतु बाप जिवंत व लायक असतां दुसरा पालक नेमण्याची सोय त्यांत नव्हती. १९५६ च्या कायद्यानें पांच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावें, व मुलाचें हित हेंच सर्वश्रेष्ठ मानावें, असें सांगितलें. १९९९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, बापाच्या हयातींतही प्रसंगविशेषीं आई नैसर्गिक पालक होऊं शकते, असा अर्थ लाविला. स्त्रीपुरुषांची मोकळीक आमच्या रूढींत होती, ती कोर्टानें आणिली नाहीं. पण मुलाकडे पाहण्याची दृष्टि बदलावयास रूढीस नव्हे, कायद्यास श्रम पडले. तेव्हां सोडचिठ्ठी हातीं आल्यास रकमेकडे व दागिन्यांकडे पाहून थांबूं नये. मुलाचा उल्लेख आहे कीं नाहीं, अंगावरचें मूल कोणाकडे राहिलें, हें टिपून ठेवावें. उल्लेख नसणें हाही पुरावाच आहे.

अब्रूच्या भयानें घरोघर असे कागद जाळले जातात. संग्राहकांनीं नांवें झांकून नकला घ्याव्या, म्हणजे घरचें भय जाईल व कागद राहील. राजवाडे यांनीं आयुष्याच्या अखेरीस भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावर लिहिलें आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यांतच देह ठेविला. त्यांचें राहिलेलें काम मोठ्या ग्रंथांनींच पुरें होईल असें नाहीं. एखाद्या कुणब्याच्या माळ्यावरील गांठोड्यांत सांपडलेली एक चार ओळींची सोडचिठ्ठीही त्यास हातभार लावील.