बादलीभर हवेचा पुरावा

१/१४
हवा दूषित आहे हे नाकाला कळते. न्यायालयात मात्र नाकाची साक्ष पुरत नाही. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील चार गल्ल्यांच्या एका कृष्णवर्णीय वस्तीने हा पेच प्लॅस्टिकच्या बादलीने सोडवला. डायमंड नावाच्या त्या वस्तीचा लढा, तिचे यश आणि त्या यशाची किंमत, यांचा हा इतिहास.

२/१४
न्यू ऑर्लिन्सपासून सुमारे ४० किलोमीटरवर, मिसिसिपी नदीच्या काठी नॉर्को हे गाव आहे. गावाचे नावच तेलकंपनीचे आहे: ‘न्यू ऑर्लिन्स रिफायनिंग कंपनी’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते पडले. १९२९ मध्ये येथील तेलशुद्धीकरण कारखाना शेल कंपनीकडे आला.

३/१४
कारखान्यांपूर्वी या काठावर उसाचे मळे होते आणि ते गुलामांच्या श्रमावर चालत. जानेवारी १८११ मध्ये चार्ल्स देलोंद याच्या नेतृत्वाखाली येथील गुलामांनी बंड पुकारले. अमेरिकेतील गुलामांचा तो सर्वांत मोठा उठाव मानला जातो. उठाव चिरडला गेला आणि बंडखोरांची मुंडकी नदीकाठच्या रस्त्याकडेला खांबांवर लावण्यात आली. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली; पण मुक्त झालेल्यांपैकी अनेक कुटुंबे मळ्यांच्याच आसपास राहिली. ‘डायमंड’ हे नावही मूळचे एका मळ्याचे.

४/१४
मळ्यांच्या जागी कारखाने येण्याला कारणे होती. मोठमोठ्या जमिनी मोजक्या मालकांच्या हाती होत्या, त्यामुळे खरेदी सोपी होती. समोर जहाजे येऊ शकतील इतकी खोल नदी होती आणि राज्यातच तेल व नैसर्गिक वायूचे साठे होते. पुढे बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स या सुमारे १३५ किलोमीटरच्या पट्ट्यात जवळपास दीडशे कारखाने उभे राहिले. लोक या पट्ट्याला ‘कॅन्सर अ‍ॅली’, म्हणजे कर्करोगाची गल्ली, म्हणू लागले.

५/१४
१९५० च्या दशकात शेलने नॉर्कोत रासायनिक कारखाना उभारला. त्या जागेवरील बेलटाउन ही कृष्णवर्णीयांची वस्ती उठली आणि तेथील अनेक कुटुंबे डायमंडमध्ये आली. आता डायमंडच्या एका अंगाला रासायनिक कारखाना होता आणि दुसऱ्या अंगाला तेलशुद्धीकरण कारखाना.

६/१४
गावाचा गोरा भाग झाडांच्या एका पट्ट्यापलीकडे होता. त्या भागातील अनेक घरांचा चरितार्थ कारखान्यावर चाले. डायमंडच्या वाट्याला नोकऱ्या फार थोड्या आल्या. धूर, दुर्गंधी, रात्रभर पेटलेल्या ज्वाळा आणि भोंगे मात्र भरपूर आले. गाव एकच असूनही त्याचा कारखान्याविषयीचा अनुभव दुभंगलेला होता.

७/१४
१९७३ मध्ये वाहिनीतून गळलेल्या वायूचा डायमंडमध्ये भडका उडाला. गवत कापण्याच्या यंत्राची ठिणगी त्याला कारण ठरली. यंत्र चालवणारा किशोरवयीन मुलगा आणि शेजारच्या घरातील एक वृद्धा, दोघेही मरण पावले. ५ मे १९८८ च्या पहाटे शुद्धीकरण कारखान्यात प्रचंड स्फोट होऊन सात कामगार ठार झाले आणि हजारो रहिवाशांना घरे सोडून पळावे लागले. कारखान्याचे कुंपण धोका अडवू शकत नाही, हे डायमंडने दोनदा पाहिले.

८/१४
मार्जी रिचर्ड या शाळाशिक्षिका याच वस्तीत वाढल्या. त्यांच्या घरापासून कारखान्याचे कुंपण जेमतेम २५ फुटांवर होते. त्यांच्या पुढाकाराने ‘कन्सर्न्ड सिटिझन्स ऑफ नॉर्को’ ही संघटना उभी राहिली. मागणी एकच होती: साऱ्या वस्तीची घरे कंपनीने योग्य किमतीत विकत घ्यावीत, म्हणजे लोकांना दुसरीकडे जाता येईल. राहावत नव्हते आणि घर विकून जावे, तर अशा जागी घर घेणार कोण? रहिवाशांनी दावा लावला. पण १९९७ मध्ये ज्युरीने कंपनीच्या बाजूने कौल दिला.

९/१४
डायमंड एकटे नव्हते. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील वॉरन काउंटीत विषारी कचऱ्याच्या भरावाविरुद्ध कृष्णवर्णीय रहिवासी रस्त्यावर आले होते. १९८७ मध्ये ‘युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट’ या चर्चसंघटनेच्या अहवालाने घातक कचऱ्याच्या जागा आणि वंश यांचा संबंध देशभरच्या आकडेवारीने दाखवला. या मंथनातून ‘पर्यावरणीय न्याय’ ही संकल्पना रुजली. ११ फेब्रुवारी १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी तिची दखल घेणारा आदेशही काढला. परंतु आदेशाने डायमंडच्या हवेतील विष मोजले जाणार नव्हते.

१०/१४
ते मोजण्याचे साधन कॅलिफोर्नियातून आले. १९९४ मध्ये रोडिओ येथील युनोकॅल कंपनीच्या शुद्धीकरण कारखान्यातून सलग १६ दिवस रसायनगळती झाली. पीडितांचे वकील एडवर्ड मॅसरी यांनी सामान्य माणसाला परवडेल असे हवेचा नमुना घेणारे साधन अभियंत्यांकडून बनवून घेतले. पुढे ‘कम्युनिटीज फॉर अ बेटर एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने ते आणखी सुटसुटीत केले.

११/१४
रचना साधी होती. पाच गॅलनची, म्हणजे सुमारे १९ लिटरची बादली. तिच्यात विशिष्ट प्लॅस्टिकची कोरी पिशवी. वर घट्ट झाकण. छोट्या पंपाने बादलीतील हवा बाहेर ओढली, की नळीवाटे बाहेरची हवा आपोआप पिशवीत शिरते. दुर्गंधी सुटली, की रहिवाशाने नमुना घ्यायचा, वेळ, ठिकाण आणि वास नोंदवायचा आणि पिशवी प्रयोगशाळेत पाठवायची. घर न सोडता येणारी माणसे आता साक्षीदारच नव्हे, तर पंचनामा करणारीही झाली.

१२/१४
१९९० च्या दशकाच्या अखेरीस ही बादली नॉर्कोत पोहोचली. डायमंडमधील नमुन्यांत मिथाइल इथाइल कीटोनसारखी औद्योगिक रसायने सापडली. ‘वास येतो’ या तक्रारीला आता प्रयोगशाळेचा कागद जोडलेला होता. रिचर्ड यांनी नॉर्कोच्या हवेची पिशवी थेट नेदरलँड्समधील हेग येथे नेली आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांपुढे धरली. सप्टेंबर २००० मध्ये शेलने कुंपणाजवळच्या दोन गल्ल्या विकत घेण्याची तयारी दाखवली. चारांपैकी दोनच! नातेवाइकांची घरे चारही गल्ल्यांत विखुरलेली होती. वस्तीने ही फाळणी नाकारली आणि जून २००२ मध्ये कंपनीने चारही गल्ल्यांसाठी प्रस्ताव दिला. २००४ मध्ये रिचर्ड यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन व्यक्ती होत.

१३/१४
या यशाला दोन मर्यादा आहेत. बादलीतला नमुना काही मिनिटांचा असतो, तर हवेची अनेक अधिकृत मानके चोवीस तासांच्या किंवा वर्षाच्या सरासरीवर बेतलेली असतात. त्यामुळे क्षणिक भडिमाराचा पुरावा ‘सरासरीत बसतो’ म्हणून बाजूला सारणे सोपे जाते. किती विष श्वासात गेले याइतकेच कोणत्या मापाने ते मोजायचे, हेही सत्तेचे प्रश्न आहेत. दुसरी मर्यादा अधिक बोचरी आहे. कारखाना जागेवरच राहिला. हलली ती वस्ती. न्याय मिळाला, पण पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार विखुरला.

१४/१४
तरीही बादली पुढे गेली. २००४ मध्ये तमिळनाडूतील कडलूर येथे सिपकॉट औद्योगिक वसाहतीलगतच्या गावकऱ्यांनी याच पद्धतीने हवेचे नमुने घेतले. १८११ चा उठाव ज्या काठावर झाला, त्याच काठावर जवळपास दोनशे वर्षांनी लढाईचे हत्यार बदललेले दिसते. डायमंडमधील बहुतेक घरे आज उरलेली नाहीत. कुंपण मात्र आहे. त्या चार गल्ल्यांनी मागे ठेवला तो एक प्रश्न: हवा कशी आहे हे सांगण्याचा अधिकार कोणाचा, ती सोडणाऱ्याचा की ती श्वासात घेणाऱ्याचा?