परभणी जिल्ह्यातील पशुधन आणि कडबा

कृषिप्रधान प्रदेशाच्या आर्थिक इतिहासात पशुगणनेच्या आकड्यांना मोठे महत्त्व दिले जाते व ते योग्यही आहे. तथापि गणना ही डोक्यांची मोजदाद असते. मोजलेले जनावर वर्षभर कशावर जगले, ते कामाचे होते की केवळ दावणीला बांधलेले होते, या प्रश्नांची उत्तरे तीतून मिळत नाहीत. परभणी जिल्ह्याच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. या जिल्ह्यातील गुरांच्या संख्येचा इतिहास हा बव्हंशी ज्वारीच्या इतिहासाचा उपभाग आहे. ज्या शिवारात कडबा होता त्या शिवारात बैल होता, आणि कडबा उणावू लागताच गोठाही रिता होऊ लागला. या दोन घटना सामान्यतः वेगवेगळ्या सदरांखाली नोंदल्या जात असल्यामुळे त्यांचे नाते दृष्टिआड राहते. ते नाते स्पष्ट करणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी आकड्यांच्या मर्यादा ध्यानात घेणे अवश्य आहे. भारतात पशुगणनेस १९१९-२० साली आरंभ झाला आणि पुढे ती साधारणतः दर पाच वर्षांनी होत आली. परभणी जिल्हा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. एवढ्यावर फेरबदल थांबले नाहीत. १ मे १९८१ रोजी जालना जिल्ह्याची निर्मिती झाली तेव्हा परतूर तालुका त्या जिल्ह्याकडे गेला. १ मे १९९९ रोजी हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या तालुक्यांचा हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे १९९७ ची व २००३ ची गणना शेजारी ठेवून जो कोणी जिल्ह्याच्या पशुधनात मोठी घट झाली असे म्हणेल, तो जनावरांची नव्हे तर नकाशाची घट सांगत असेल. परभणीचा दीर्घकालीन विचार करताना हिंगोलीचे आकडे त्यात मिळवूनच पुढे जावे लागते.

दुसरी मर्यादा ऋतूची आहे. १९६१ ची गणना एप्रिलमधील होती, तर २०१२ च्या गणनेचा संदर्भदिन १५ ऑक्टोबर हा होता. एप्रिलमध्ये बांध उघडे पडलेले असतात, गंजी निम्म्यावर आलेली असते आणि ज्याला वैरण पुरत नाही त्याने जनावर बाजार दाखविलेला असतो. ऑक्टोबरमध्ये मात्र रान हिरवे असते. एकाच गावाची या दोन महिन्यांतील मोजदाद सारखी येईल अशी अपेक्षा धरता येत नाही.

जिल्ह्याची भूमी गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील आहे. उत्तरेकडील जिंतूरच्या डोंगराळ भागाचा अपवाद सोडल्यास ती प्रायः काळी, खोल व चिकट आहे. पावसाळ्यात ती पाय धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीत नांगर व वखर ओढावयाचा म्हणजे अंगाने भरलेला, खुराने घट्ट आणि उन्हाला न हटणारा बैल हवा. या गरजेतून मराठवाड्यात दोन गोवंश नावारूपास आले. एक, नांदेड जिल्ह्यातील कंधार परिसराच्या नावाने ओळखला जाणारा व लोकांत लाखलबुंदा म्हणूनही परिचित असलेला तांबडा लाल कंधारी. आणि दुसरा, लातूर जिल्ह्यातील देवणीच्या नावाचा, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला देवणी. परभणी हा या दोन्ही वंशांच्या प्रसाराचा प्रदेश होय. यांखेरीज मराठवाडी म्हैस, उस्मानाबादी शेळी आणि दख्खनी मेंढी या जातीही येथील पशुधनाचा भाग आहेत. परंतु संख्या व मूल्य या दोन्ही दृष्टींनी मान होता तो बैलाचाच. गाय पाळली जाई ती मुख्यतः बैल देणारी माता म्हणून. तिचे दूध हे घरापुरते दुय्यम उत्पन्न मानले जाई.

शेतीबाहेरही बैलाला काम होते. लोहमार्ग येण्यापूर्वी दख्खनमधील धान्य व मीठ बंजाऱ्यांच्या लमाणी तांड्यांवरून, म्हणजेच बैलांच्या पाठीवरून, वाहिले जाई. १९०० च्या सुमारास हैदराबादहून मनमाडकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग परभणीवरून सुरू झाला आणि दूरच्या वाहतुकीतील बैलाचे स्थान संपले. पण त्याच लोहमार्गाने कापसाची लागवड वाढविली. मानवत, सेलू, परभणी या पेठांकडे कापूस वाहून नेण्यासाठी गाडीबैलांची मागणी वाढली, आणि सरकी व पेंड ही खुराकाची साधने हाताशी आली. हैदराबाद सरकारने १९१८ मध्ये परभणी येथे कृषी संशोधनाचे मुख्य प्रक्षेत्र उभारले, यावरून या टापूच्या शेतीला त्या काळी आलेले महत्त्व लक्षात येते.

या साऱ्या व्यवस्थेच्या तळाशी कडबा होता. साडेतीनशे ते चारशे किलो वजनाच्या बैलाला दिवसाकाठी आठ-नऊ किलो कोरडी वैरण लागते असे धरले, तर वर्षाला एका बैलास तीन टनांच्या आसपास आणि जोडीस सुमारे सहा टन वैरण लागते. उंच वाढणाऱ्या देशी ज्वारीपासून, पाऊसमान बरे असल्यास, हेक्टरी तीन-चार टन कडबा मिळतो. बांधावरील गवत व गायरानातील चराई वजा घातली तरी, बैलजोडी बाळगणाऱ्या कुटुंबाला एक ते दीड हेक्टर ज्वारी केवळ बैलांसाठीच पेरणे भाग होते, असा स्थूल हिशोब निघतो. अर्थात त्याच ताटाला कणीस असल्यामुळे हा भार वेगळा जाणवत नसे. माणसाची भाकरी आणि बैलाची वैरण एकाच पेऱ्यातून निघत. बैलाचे शेण त्याच रानात जाई आणि पुढील ज्वारीला बळ देई. हे चक्र बाहेरून काहीही विकत न आणता फिरत असे, हेच त्याचे सामर्थ्य होते. एका पावसाळ्याने दगा दिला की भाकरी व वैरण ही दोन्ही एकदमच हरपत, हे त्याचे दौर्बल्यही होते.

हे दौर्बल्य १९७२ च्या दुष्काळात प्रकर्षाने दिसले. माणसांसाठी दुष्काळी कामे निघाली. धान्य बाहेरून आणता आले. परंतु कडबा हा आकाराने अवाढव्य व किमतीने अल्प असा माल असल्यामुळे त्याची दूरची वाहतूक परवडत नाही. अनेक कुटुंबांनी जनावरे मातीमोलाने विकली. हा आघात १९७२ व १९७७ या दोन गणनांच्या मधल्या काळात झाला. देशी कालवड विण्यास साडेतीन-चार वर्षे लागतात आणि गोऱ्हा औताला येण्यासही जवळपास तेवढाच काळ जातो. सावरण्याची ही वर्षे दोन मोजणींच्या दरम्यान निघून गेल्यावर संकटाची खरी खोली आकड्यांत कशी उमटावी? बुळकांडीसारख्या रोगांच्या साथींबाबतही हेच म्हणता येईल. त्या रोगाचे निर्मूलन झाल्याची मान्यता भारतास २००६ मध्ये मिळाली. त्यापूर्वीच्या पिढ्यांनी त्याचे जे घाव सोसले, त्यांचा हिशोब पंचवार्षिक कोष्टकांत सापडत नाही.

दुष्काळाने गेलेले जनावर पुन्हा जोडता येते. पीकरचनेने घालविलेली वैरण परत मिळविणे त्याहून अवघड असते. १९६४ मध्ये देशातील पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, प्रसारित झाली. धान्याचे उत्पादन वाढविण्याचे तिचे कार्य मोठे होते. परंतु तिचे ताट ठेंगणे असल्यामुळे कडबा कमी पडे आणि शेतकरी त्याला देशी कडब्याचा दर्जा देत नसे. शिवाय लवकर पक्व होणारे हे पीक परतीच्या पावसात सापडले की कणीस काळे पडे आणि कडबाही कुजे. काळ्या ज्वारीला भाव नाही व कुजलेल्या कडब्याला गुरे तोंड लावीत नाहीत, या दुहेरी तोट्याने खरीप ज्वारीवरील विश्वास हळूहळू उडाला. रब्बीची उंच, पांढरी ज्वारी टिकून राहिली. परभणी येथे १९७२ साली स्थापन झालेल्या व आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठाने परभणी मोतीसारखे रब्बी वाण दिले, त्यांत धान्याबरोबर कडब्याचाही विचार होता.

याच सुमारास पाण्याचे चित्र पालटले. पूर्णेवरील येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे आणि १९७६ मध्ये राष्ट्रार्पण झालेल्या जायकवाडीचा डावा कालवा यांमुळे जिल्ह्याच्या काही भागात ऊस आला. उसाचे वाढे ही ऐन टंचाईच्या दिवसांतील वैरण ठरली व ऊसवाहतुकीमुळे गाडीबैलांना काही काळ नवे काम मिळाले. कोरडवाहू शिवारात मात्र १९९० नंतर सोयाबीन पसरत गेले व २००२ नंतर बीटी कापसाने जोर धरला. रोख उत्पन्नाच्या दृष्टीने शेतकऱ्याची ही निवड समजण्यासारखी होती. तथापि सोयाबीनचे भुसकट राठ असते व जनावरे ते नाखुशीने खातात. पऱ्हाटी तर चुलीखेरीज फारशी कामास येत नाही. खरीप ज्वारीची जागा या दोन पिकांनी घेतली, तेव्हा शिवारातून धान्याबरोबर गंजीही उठली. त्याच वेळी ट्रॅक्टर भाड्याने मिळू लागला. वर्षातील मोजक्या दिवसांच्या कामासाठी तीनशे पासष्ट दिवस विकतच्या कडब्यावर जोडी पोसणे लहान खातेदाराला जड वाटू लागले. ट्रॅक्टरने बैल हटविला असे सामान्यतः म्हटले जाते. अधिक अचूक विधान असे की, कडबा आधीच उणावला होता म्हणून ट्रॅक्टरचे भाडे स्वस्त वाटले.

राज्य व देश यांच्या आकड्यांत या स्थित्यंतराची छाया दिसते. २०१२ ते २०१९ या काळात महाराष्ट्रातील गोवर्गीय जनावरे सुमारे १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर आली. म्हशी सुमारे ५६ लाखांवर स्थिर राहिल्या आणि शेळ्या ८४ लाखांवरून १ कोटी ६ लाखांवर गेल्या. एकूण पशुधन मात्र सुमारे ३ कोटी २५ लाखांवरून ३ कोटी ३१ लाख झाले. म्हणजे बेरीज पाहणारास सर्व आलबेल वाटावे. देशपातळीवर याच सात वर्षांत गायींची संख्या १८ टक्क्यांनी वाढून १४ कोटी ५१ लाख झाली, तर बैल व वळू ६ कोटी ७९ लाखांवरून ४ कोटी ७४ लाखांवर उतरले. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी लागू झाली. थकलेला बैल विकून त्यात भर घालून नवा घेण्याची जी रीत होती, तिच्यावर याचा परिणाम झाला. परंतु बैलांची घट त्यापूर्वीच्या गणनांतही दिसत असल्यामुळे तिचे मूळ कारण अन्यत्र शोधणे प्राप्त आहे. २०२२ मधील लंपी त्वचारोगाच्या साथीने गोपालकावर आणखी एक आघात केला.

दुधाची वाटचाल याच्या उलट दिशेने झाली. देशाचे दुग्धोत्पादन १९५०-५१ मधील १ कोटी ७० लाख टनांवरून २०२३-२४ मध्ये सुमारे २३ कोटी ९३ लाख टनांवर पोहोचले. ही वाढ संकरित गाय व म्हैस यांची आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठानेही होल्स्टीन व देवणी यांच्या संकरातून होलदेव हा गोसंकर सिद्ध केला. परंतु संकरित गाईला बारमाही हिरवा चारा, पाणी व सावली हवी. अहिल्यानगर, पुणे, कोल्हापूर या भागांत ही साधने जशी जुळली, तशी ती मराठवाड्याच्या कोरडवाहू गावात जुळली नाहीत. परिणामी येथील गावांचा बैल गेला, पण त्याच्या जागी दुभती गाय त्या प्रमाणात आली नाही. जागा भरली ती शेळीने. कारण तिला कडबा लागत नाही, बांधावरचा झाडपाला पुरतो. भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांतील, विशेषतः स्त्रियांच्या, हाती तीमुळे थोडा पैसा आला, हे या बदलाचे जमेचे अंग होय.

खर्चाच्या बाजूला मात्र पुष्कळ काही आहे. शेणखत दुर्मिळ झाले आणि काळ्या जमिनीला त्याऐवजी विकतचे खत घालावे लागले. पाळीच्या ऐन मोसमात वापसा एक-दोन दिवसच टिकतो. अशा वेळी दारची जोडी असणारा खातेदार कोळपणी साधून घेतो आणि भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहणारा मागे पडतो. लाल कंधारी व देवणी या वंशांचे जतन प्रक्षेत्रांवर होऊ शकते, पण वंश खऱ्या अर्थाने टिकतो तो कामामुळे आणि वैरणीमुळे.

म्हणून परभणी जिल्ह्याच्या पशुधनाचा अभ्यास करणाराने पशुगणनेच्या कोष्टकाशेजारी त्या त्या वर्षीचे ज्वारीखालील क्षेत्र मांडणे अगत्याचे आहे. त्यातही खरीप व रब्बी, उंच व ठेंगणी हे भेद वेगळे दाखविले पाहिजेत. तसे केल्यास गणनेतील अनेक कोडी आपोआप उलगडतील. पोळ्याच्या दिवशी आज अनेक घरी मातीच्या बैलांची पूजा होते. गोठ्यातील जोडी केव्हा गेली हे त्या घरातील वडीलधारी माणसे सांगतात, तेव्हा ती बहुधा सन सांगत नाहीत. ज्वारी पेरणे कोणत्या साली सोडले, ते सांगतात.